आधी हा पेला भर

आजरा तालुक्यातली एक वाडी. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर आत्तींचा पाय सरकला, सावरायला हात टेकला आणि मनगटच मोडलं. वय ५८. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलेलं पाहून डॉक्टरांनी हाडांची डेक्सा तपासणी करायला लावली. हाडं ठिसूळ झाली होती.

औषधं लिहून देऊन डॉक्टर सुनेकडे वळले. "तुमचं वय?"

"चौतीस."

"मग तुमच्याशी जास्त बोलायला हवं. तिशीपर्यंत हाडं भरतात, पुढं आहे ते राखायचं. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं आणि पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात. तेव्हा कणगीत किती शिल्लक असेल, ते आत्ता ठरतंय."

सुनेचा दिवस शिलाई मशीनवर, सावलीत जायचा. घरी दोन म्हशी, पण दूध डेअरीला, उरलेलं चहाला. रानात नाचणी पिकायची आणि ताटात मात्र भात-चपाती. आत्तींचं बघून मशेरीही लागली होती. तंबाखूनं हाडं पोखरली जातात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी धार काढून ती किटली भरू लागली, तशा आत्तींनी डाव्या हातानं पेला पुढं केला.

"आधी हा भर. अन् तूच पी."

"आत्ती, बिल कमी येईल की."

"येऊ दे. जन्मभर सगळ्यांना वाढलं. माझ्या वाटणीचं कुणी काढून ठेवलं नाही, मीसुद्धा नाही. नातीलाही दे, तिची हाडं अजून भरायचीत."

मशेरीचा डबा आत्तींनीच उकिरड्यावर टाकला.

सुनेच्या वयाच्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५०, पेलाभर दुधात २४०च्या आसपास, शिवाय तीळ आणि पालेभाजी आहेच. सून आता नाचणीची भाकरी थापते, उन्हात बांधावरून भरभर चालून येते, चढावर ओझंही उचलते. हाडाला भार मिळाला तरच ते घट्ट राहतं.

शेजारणीची गर्भपिशवी ऐन पस्तिशीत काढली होती, सोबत अंडाशयंही; म्हणजे तिचं इस्ट्रोजेन तेव्हाच घटलं. सून तिलाही डॉक्टरांकडे घेऊन गेली. बायांनो, तुमचंही असंच झालं असेल किंवा पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तर पन्नाशीची वाट बघू नका. हाडांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना याच महिन्यात विचारा.