वस्त्रालंकार

परंड्याहून नवरात्रात तुळजापूरला जाणाऱ्याला गाभाऱ्यापुढे क्षणभरच थांबता येतं. तेवढ्यात मी देवीबरोबर तिची मांडणीही पाहून घेतो. रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. मूर्ती एकच, पण अलंकार महापूजेत रूप रोज निराळं. भवानी तलवार अलंकारात तर शिवरायांना तलवार देणारी आई समोर उभी राहते. हे रूप सजवणं पुजाऱ्यांचं काम. मंत्र येतात म्हणून आपण त्यांना मान देतो, पण निरी कुठं दाबायची, पदर किती सोडायचा, हे जाणणाऱ्या हाताला कलावंताचा म्हणायला का कचरतो, कोण जाणे! आणि कवड्यांची माळ? समुद्रातली साधी कवडी, पाठीला भोक पाडून दोऱ्यात ओवलेली. आराध्यांच्या, म्हणजे देवीच्या भक्तांच्या, गळ्यात दागिना म्हणून तीच असते, सोनं नव्हे.