कात्यायनीचा वाटा

बृहदारण्यक उपनिषदातली मैत्रेयी बहुतेकांना माहीत असते. याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघतात, तेव्हा त्यांना दोन बायका असतात: मैत्रेयी आणि कात्यायनी. निघण्याआधी ते मैत्रेयीला म्हणतात, तुझी आणि कात्यायनीची व्यवस्था लावून जातो. त्यावर मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मला दिली तरी मी अमर होईन का? ऋषी म्हणतात, नाही. चार सुखवस्तू माणसांसारखं तुझं आयुष्य जाईल, एवढंच. मग ते धन तिला नको असतं. तिथून आत्म्याविषयीचा तो प्रसिद्ध संवाद सुरू होतो आणि कात्यायनी गोष्टीतून नाहीशी होते. बायकांना असते तेवढीच समज तिला होती, असा शेरा उपनिषद मारतं. तिने वाटा घेतला का, पुढचे दिवस कसे काढले, याबद्दल एक अक्षर नाही.

या गोष्टीवर प्रवचन करणारे सहसा एका तपशिलावरून पुढे सरकतात. संसार सोडून निघालेला ब्रह्मज्ञानी माणूस आधी वाटणीला बसला होता. ती मागायची वेळ कोणत्याच बायकोवर आली नव्हती.

आज पंचवीस-तीस वर्षांचा संसार मोडलेल्या बाईने मैत्रेयी व्हावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ‘त्याचं काही नको मला’ या वाक्याला नाटकात टाळी पडते, मालिकेत पार्श्वसंगीत वाजतं. पोटगीचा अर्ज करते म्हटलं की भाऊ म्हणतो, ‘ताई, कशाला त्याच्या दारात हात पसरतेस, आम्ही आहोत ना!’ वहिनी काही बोलत नाही. कित्येकदा याच भावाने वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर ताईची सही आधीच घेतलेली असते. मागणाऱ्या बाईचा स्वाभिमान काढायला सगळे पुढे असतात. न देणाऱ्या पुरुषाचा स्वाभिमान कुणी काढत नाही.

म्हणून प्रश्न आधी धर्माचा आणि नीतीचा आहे, कोर्टाचा नंतर. नातं संपलं तर नात्यातलं देणं कशाच्या आधारावर उरतं? ती नवऱ्याची दया असेल तर त्याच्या मर्जीवर आहे. त्याला झालेली शिक्षा असेल तर आधी त्याचा दोष सिद्ध करावा लागेल. आणि दोघांनी मिळून उभं केलेल्या संसारातला तिचा हिस्सा असेल, तर दया आणि दोष या दोन्ही गोष्टी गैरलागू ठरतात.

याज्ञवल्क्यांचंच नाव लावणारी, उपनिषदानंतर काही शतकांनी रचलेली स्मृती या बाबतीत बरीच रोखठोक आहे. दुसरं लग्न करून पहिल्या बायकोला बाजूला सारलं तरी तिचं पोषण करावं, नाहीतर मोठं पाप लागेल, असं ती बजावते. गुणी बायकोला टाकणाऱ्या नवऱ्याकडून राजाने त्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा तिला देववावा, आणि तो निर्धन असेल तर निदान तिला पोसायला लावावं, असाही नियम तिथे आहे. तिसरा हिस्सा! घटस्फोटाच्या दाव्यात आज एवढी मागणी केली तर समोरचा वकील हसेल. कौटिल्यही बायकोच्या निर्वाहासाठी दोन हजार पणांपर्यंतची रक्कम तिच्या नावे बाजूला काढून ठेवायला सांगतो आणि तिला स्त्रीधनात धरतो.

पण स्मृतीतल्या त्या श्लोकाला अटी आहेत. बायको आज्ञाधारक हवी, कामाला चलाख हवी, मुलगे झालेली हवी आणि वर गोड बोलणारी हवी. तीन मुलींना वाढवून, सासूचं आजारपण काढून, अधूनमधून नवऱ्याला चार शब्द सुनावलेल्या बाईचं काय? तिला तिसरा हिस्सा नाही. तिने कष्ट किती केले यापेक्षा ती कशी वागली, हे मोजलं जातं. हा जुना तराजू आपण फेकून दिला, असं कुणी समजू नये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या पंचविसाव्या कलमात कायमची पोटगी ठरवताना दोघांचं वर्तन बघायची मुभा आहे, आणि घटस्फोटानंतर बायको ‘शीलवान’ राहिली नाही तर पोटगीचा हुकूम बदलता किंवा रद्दही करता येतो.

महाराष्ट्रात हा गुंता जातीजातीत वेगळा होता. अनेक जातींत काडीमोड होता, पाट लावायची सोय होती. जातपंचायत बसायची आणि प्रकरण एकदाचं मिटायचं. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत लग्न हा संस्कार. तो मोडत नाही, म्हणून घटस्फोट नाही; नवऱ्याला मात्र दुसरी करायची मोकळीक. त्यामुळे बाई ना विवाहित, ना विधवा, ना मोकळी. तिच्यासाठी ‘टाकलेली’ हा शब्द होता, आणि फारतर अन्नवस्त्राचा दावा. त्या मागणीत घर बसत नसे, जमीन बसत नसे. पोटाला आणि अंगाला पुरेल तेवढंच. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या लग्नाला बंदी केली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, तरी टाकलेल्या बाया गावोगाव राहिल्याच. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा या बायका पहिल्यांदा संघटितपणे उघड बोलल्या.

मुसलमान समाजात लग्न हा करार. करार मोडतो, तेव्हा देणंघेणं संपतं, असा साधा हिशेब मांडला जायचा. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा सचिवालयावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. तलाक मिळालेल्या बाईच्या उद्याचा प्रश्न या कामाच्या मध्यभागी होता. पण तो देशभर पेटला इंदूरमधून.

इंदूरच्या शाहबानोंचं लग्न १९३२ चं. पाच मुलं झाली. १९७५ मध्ये, त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, वकील असलेल्या नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली महिना ५०० रुपये मागितले. कायद्याची तेव्हाची कमाल मर्यादाच तेवढी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि ३,००० रुपये मेहेर जमा करून आपण मोकळे झालो, असा पवित्रा घेतला. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली महिना २५ रुपये. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेविरुद्ध हे वकीलसाहेब सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे जो युक्तिवाद झाला, तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली २४१ वी आयत तलाक दिलेल्या स्त्रियांसाठी रीतीप्रमाणे तरतूद करायला सांगते आणि ते ईश्वराला भिऊन वागणाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं म्हणते. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाच्या बाजूने सांगितलं गेलं की हे फक्त अधिक पापभीरू लोकांसाठी आहे, सर्वसाधारण मुसलमानांसाठी नाही. म्हणजे देणं हे पुण्यवानांचं भूषण. इतरांनी नाही दिलं तरी चालेल! सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. धर्मग्रंथ एखाद्या कर्तव्याला पुण्याशी जोडतो, तेव्हा ते पाळण्याची ओढ वाढावी म्हणून जोडतो. पळवाट मिळावी म्हणून नव्हे. आणि ही पळवाट एकट्या मुसलमानांची नाही. ‘नियमाने बांधील नाही, पण माणुसकी म्हणून देतो’ असं म्हणणारे नवरे पुण्याच्या आणि नागपूरच्या कुटुंब न्यायालयातही सापडतात.

पुढचं राजकारण सर्वांना ठाऊक आहे. दबाव इतका आला की खुद्द शाहबानोंनी जाहीरपणे निकाल नाकारला. हा नकार त्यांचा स्वतःचा किती आणि आजूबाजूच्यांचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. १९८६ मध्ये नवा कायदा आला आणि नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरती, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक प्रतीक्षाकाळापुरती राहिली, असं सगळ्यांना वाटलं. २००१ मध्ये शाहबानोंचेच वकील दानियल लतीफी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: तरतूद इद्दतीच्या काळात करायची, पण ती पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरेल अशी. १० जुलै २०२४ च्या निकालाने १२५ वं कलम मुस्लिम घटस्फोटितेलाही खुलं असल्याचं पुन्हा स्पष्ट झालं. पोटगी म्हणजे धर्मादाय नव्हे, हक्क आहे, असं न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी त्यात ठासून सांगितलं.

यावर पुरुषांचा आक्षेप असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. नातं तुटलं, नवी माणसं आयुष्यात आली, तरी जन्मभर का भरायचं? दोन वर्षांच्या लग्नाला हा प्रश्न विचारणं रास्त आहे. तीस वर्षांच्या लग्नात तो वेगळ्या जागी उभा राहतो. बाविसाव्या वर्षी नोकरी सोडलेली बाई बावन्नाव्या वर्षी ती नोकरी परत मिळवू शकत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. या फरकातून नवऱ्याची बढती, बदल्या, फ्लॅटचे हप्ते आणि भविष्य निर्वाह निधी उभा राहिला. लग्न संपलं म्हणून ती मिनिटं परत फिरत नाहीत. हे तत्त्व बाईपणावर अवलंबून नाही, हेही लक्षात घ्यावं. १९९२ साली लग्न आणि २०१५ साली घटस्फोट झालेल्या नांदेडच्या एका जोडप्याच्या प्रकरणात शिक्षिका असलेल्या पत्नीने माजी पतीला महिना ३,००० रुपये द्यावेत, हा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला. त्यावर बरेच जण चिडले, पण निकाल तत्त्वाला धरूनच होता.

मग पोटगी हेच मुळात चुकीचं साधन आहे का? काही अंशी, हो. दर महिन्याला मिळणारी रक्कम बाईला मागणारी आणि पुरुषाला देणारा बनवून ठेवते, आणि दोघांतला कडवटपणा जिवंत ठेवते. गोव्यात वेगळी वाट आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि विभक्त होताना निम्मी-निम्मी. त्या संहितेने कारभार मात्र नवऱ्याच्या हाती ठेवला होता, त्यामुळे तिचं आंधळं कौतुक नको. पण अर्धं मागणाऱ्या बाईला ‘तू गोड बोलायचीस का’ असं तिथे कुणी विचारत नाही. उरलेल्या बहुतेक देशात अशी सोय नाही. बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारं विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केलं. लोकसभेत ते पडून राहिलं आणि बुडालं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये गृहिणीचा मालमत्तेतला समान हिस्सा मान्य केला, पण तो एका राज्यातल्या एका न्यायालयाचा निकाल आहे.

तोवर आहे ते हत्यार नीट वापरावं. १२५ वं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वं झालं आहे. अंतरिम खावटीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लागावा, असं ते सांगतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन गोष्टी पक्क्या केल्या: दोघांनीही आपल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी निकालाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून मोजायची. थकबाकीपायी नवरा तुरुंगात जाऊन आला तरी देणं फिटत नाही, हेही १९८९ पासून ठरलेलं आहे. तेव्हा पन्नाशीत घराबाहेर पडावं लागलेल्या बाईने स्वाभिमानाचा विचार करत दोन वर्षं घालवू नयेत. मधले महिने मागून मिळत नाहीत.