नागसेनाचा रथ आणि बांधलेले इंजिन

पूर्ण खोलून पुन्हा बांधलेले ट्रकचे इंजिन तेच राहते की दुसरे होते, हा प्रश्न गॅरेजमधला वाटतो. पण भारतीय तत्त्वज्ञानात तो फार जुना आहे. भाग बदलत गेले तरी वस्तू तीच आहे, असे कशाच्या आधारावर म्हणायचे? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी हे विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळे भाग मिळून रथ का, यालाही त्याचे उत्तर नाही असेच येते. अखेर ठरते ते असे की भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव पडते, त्यापलीकडे रथ म्हणून वेगळे काही हाती लागत नाही. माणसाचेही तसेच.

महाराष्ट्रात हा संवाद पोथीपुरता राहिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. शिवाजी पार्कजवळच्या त्या जागेवर आज चैत्यभूमी आहे. दर ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि आत्म्याशिवाय माणूस म्हणजे काय, ही चर्चा खेड्यापाड्यांतून आलेल्या वाचकांच्या हातात पोचते. तिला आजच्या ओळखीचे उदाहरण हवे असेल तर जुन्या ट्रकचे इंजिन रथापेक्षा अधिक बोलके आहे. रथ शब्दांत सुटा होतो, इंजिन खरोखर सुटे करावे लागते.

१९५४ पासून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक निघू लागले. ‘३१२’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या गाडीचे डिझेल इंजिन एका रांगेत सहा सिलिंडरचे होते. बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक १२०, म्हणजे सुमारे ४.६ लिटरचे. अशा घडणीचे इंजिन ऑइल खाऊ लागले, कंप्रेशन सोडू लागले की उतरवावे लागते. हेड निघते, खालची चेंबर निघते, पिस्टन बाहेर येतात. बोअर झिजलेला असेल तर तो मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात किंवा स्लीव्ह बदलतात. क्रँक घासून घेतात आणि त्याला अंडरसाइज बेअरिंग लावतात. वॉल्व्ह सीटवर घासून बसवतात. गाइड, रिंगा, सील, गॅस्केट नवे येतात. काम संपते तेव्हा जुन्यापैकी ब्लॉक, हेड आणि अंगाने थोडा बारीक झालेला क्रँक एवढेच मुख्यतः उरलेले असते.

इंजिन तेच की दुसरे, यावर वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांचे उत्तर सर्वांत कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी असते, पण त्यांच्या आधारानेच राहते. कापडातून एक सूत काढले की जुना पट नष्ट होतो आणि खंडपट उत्पन्न होतो. या हिशेबाने पहिला बोल्ट सुटताच जुने इंजिन संपले. तरीही ‘हे तेच’ असे वाटते, ते दोन्ही एकाच जातीचे असल्यामुळे. युक्तिवाद निर्दोष आहे, पण क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्यांपाशी तो अडतो. या टोप्या ब्लॉकवर कसून मगच सगळी भोके एका रेषेत बोअर केलेली असतात. म्हणून प्रत्येकीवर नंबर असतो आणि ती आपल्याच जागी, आपल्याच दिशेने लागते. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनाची टोपी दिसायला तंतोतंत सारखी असली तरी ती लावून बोल्ट कसले तर क्रँक जड फिरतो किंवा जाम होतो. जात एक असून भागत नाही. त्या दोन तुकड्यांचा एकत्र घडण्याचा इतिहास लागतो.

नागसेनाचे रथाचे उत्तरही इथे अपुरे पडते. नाव हा व्यवहार आहे हे खरे, पण नुसत्या व्यवहाराने क्रँक मोकळा फिरत नाही. त्याच ग्रंथातले दिव्याचे उत्तर मात्र पुरते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे आणि वेगळीही नव्हे. आधीच्या ज्योतीच्या आधाराने पुढची निर्माण होते. टिकते ती वस्तू नव्हे, परंपरा.

एकाच्या आधाराने दुसरे, हे भागांचे परस्परावलंबन वॉल्व्हच्या साखळीत सर्वांत स्पष्ट दिसते. क्रँकच्या निम्म्या वेगाने कॅमशाफ्ट फिरतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वॉल्व्ह दाबून उघडतो. स्प्रिंग तो परत बंद करते. इंजिन थंड असताना रॉकर आणि वॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांची फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट कमी पडली तर वॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, सीटमार्गे उष्णता बाहेर जात नाही आणि एक्झॉस्टचा वॉल्व्ह जळतो. जास्त झाली तर टॅपेट वाजतात, वॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याची फट सहसा इनलेटपेक्षा मोठी असते. ही फट सुट्या भागांच्या यादीत नसते, ती विकत मिळत नाही. तरी तिच्यावाचून इंजिन चालत नाही. ती फक्त भागांच्या संबंधात असते.

ती लावण्याची रीतही तशीच आहे. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. सहाव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो, नेमक्या त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. म्हणून मेकॅनिक पाहतो सहाव्याकडे आणि सेट करतो पहिला. क्रँक १२० अंश फिरवला की दुसऱ्याकडे पाहून पाचवा, मग चौथ्याकडे पाहून तिसरा. फिलर गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. पेचकसाने स्क्रू धरून चेक नट आवळताना माप हलते, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघतात. हेडचे बोल्ट पुन्हा कसले तर सगळे सेटिंग पहिल्यापासून. एकाची स्थिती दुसऱ्यावरून कळते, दुसऱ्यामुळे बदलते. बौद्ध विचारात प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने होणारी उत्पत्ती, म्हणतात तो याहून फार वेगळा नाही.

काढलेल्या भागांचे काय, हा प्रश्न इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने १६५५ साली, एकेक फळी बदलत गेलेल्या थीसिअसच्या जहाजाविषयी विचारला: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून दुसरे जहाज केले तर खरे कोणते? कुर्ल्याच्या भंगारात हे रोज घडते. एका इंजिनाचे हेड, दुसऱ्याचा क्रँक आणि तिसऱ्याचा ब्लॉक मिळून चौथे उभे राहते. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातला पुनर्जन्माचा विचार याच्या जवळ जातो. कशाचा पुनर्जन्म आणि कोणाचा पुनर्जन्म, असे दोन प्रश्न तिथे वेगळे केले आहेत. देहातली महाभूते आपापल्या समुच्चयात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, म्हणून पुनर्जन्म आहे. पण नेमकी तीच सारी एकत्र आली तरच तोच प्राणी जन्मला म्हणता येईल. अनेकांच्या अंशांतून नवा देह झाला तर पुनर्जन्म झाला, त्या व्यक्तीचा नव्हे. आत्मा न मानता पुनर्जन्म मांडण्याचा याहून स्वच्छ मार्ग सापडणे कठीण.

आरटीओचा निर्णय सोपा आहे. नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. पिस्टन आणि क्रँक बदलले तरी कागदावर इंजिन तेच, ब्लॉक बदलला की दुसरे, आणि नोंदणीत तशी दुरुस्ती लागते. कर, कर्ज आणि चोरीचा तपास यांसाठी एक खूण हवी म्हणून हा संकेत आहे, आणि तेवढ्यापुरते नागसेनाचे रथाचे उत्तर बरोबर बसते.

जबाबदारीचा प्रश्न मात्र संकेताने मिटत नाही. मिलिंदप्रश्नातला आंबेचोर म्हणतो, मी नेले ते आंबे मालकाने लावलेले नव्हतेच. राजा मान्य करतो की तरीही तो दोषी, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यांतून आले. इंजिनातही मागचे पुढे येते. वर्षानुवर्षे ओव्हरलोड ओढून ब्लॉकला गेलेली बारीक तड नव्या पिस्टनांनी जात नाही. क्रँक प्रत्येक घासणीला एक साइज खाली जातो आणि शेवटच्या अंडरसाइजनंतर भंगारात निघतो. पण बौद्ध मताने चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. इंजिनाला हेतू नाही. त्याच्यात उरते ती केवळ कारणांची परंपरा. कर्म ओव्हरलोड भरणाऱ्याचे आणि तड दिसूनही इंजिन बांधून देणाऱ्याचे, आणि ती माणसे मधल्या काळात कितीही बदलली असली तरी ते त्यांच्याच परंपरेत राहते.