नेवाळीच्या भातखाचरातलं महायुद्ध

हर्मान लोन्स या जर्मन लेखकाची 'डेर वेरवोल्फ' ही कादंबरी १९१० साली आली. काळ तीस वर्षांच्या युद्धाचा, म्हणजे १६१८ ते १६४८. स्थळ उत्तर जर्मनीतला ल्यूनेबुर्गचा माळ. हार्म वुल्फ हा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. लढाई कुठल्या राजाची, कुठल्या पंथाची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण पगार थकलेल्या सैन्यांच्या टोळ्या गावं लुटत फिरतात, आणि एक दिवस त्याचं घर, बायको, पोरं सगळं जातं. मग तो आणि आसपासचे शेतकरी दलदलीआडच्या एका टेकाडावर लपून नवं गाव वसवतात आणि माळावर येणाऱ्या परक्याला गाठून ठार मारू लागतात. आधी बदला म्हणून, पुढे सवय म्हणून.

कादंबरी जोरकस आहे यात वाद नाही. कुऱ्हाड, दोर, घोंगावता वारा, शेकोटी, सगळं जवळून पाहिल्यासारखं. पण तिचं पुढे काय झालं तेही पाहावं लागतं. लोन्स १९१४ च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फ्रान्समध्ये आघाडीवर मारला गेला. वीस वर्षांनी नाझींनी त्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या अस्थी फ्रान्समधून आणवल्या आणि १९३५ मध्ये त्याच्या लाडक्या माळावर समारंभानं पुरल्या. आपली माती, आपलं रक्त, बाहेरचा तो शत्रू: हे सूत्र त्यांना या पुस्तकात आयतं मिळालं. १९४४ मध्ये हिमलरनं शत्रूच्या पिछाडीला घातपात करणारी संघटना उभारली, तिचंही नाव 'वेरवोल्फ'. शेतकरी नायक झाला की साहित्य आपोआप सात्त्विक होतं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तीस वर्षांच्या याच युद्धावरची ग्रिमेल्सहाउझेनची 'सिम्प्लिसिसिमुस' (१६६८) मला म्हणूनच कितीतरी मोठी वाटते. हा माणूस स्वतः पोरवयात सैनिकांच्या तावडीत सापडला होता. त्याच्या कादंबरीत शिपाई एका शेतकऱ्याला विस्तवाजवळ बांधतात, तळपायांना ओलं मीठ चोळतात आणि बकरीला ते चाटायला लावतात. शेतकरी हसून हसून बेजार होतो आणि पुरून ठेवलेला ऐवज कुठे आहे ते सांगून टाकतो. सांगणारा आहे घरातला गुराखी पोरगा. त्याला वाटतं, गंमत चालली आहे; तोही हसतो. इथे कोणी वीर नाही. लढाई घराच्या उंबऱ्यातून आत आली की कशी दिसते, तेवढंच आहे.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची काही कमी नाही. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) हरिभाऊ, नाथमाधव, मग 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत'. पिढ्या यांवर वाढल्या, मीही वाढलो. पण या हजारो पानांत रयत असते ती बहुधा जयजयकाराला, किंवा गढीवर निरोप पोचवायला. घोडदळ निघून गेल्यावर उभ्या पिकाचं काय झालं, हे क्वचितच कळतं.

गंमत अशी की खुद्द शिवाजीमहाराजांना ते दिसत होतं. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या दुसऱ्या एका पत्रातली भाजीच्या देठाची गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. या पत्रातली उंदराची तितकीशी नसते. दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, पागेची वाताहत होईल, असं महाराज बजावतात. दाणावैरण आताच उधळली तर पुढे तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि मग त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हेही सांगतात. राजा शेतकऱ्याच्या अंगणात उभा राहून स्वतःच्याच फौजेकडे बघतो आहे. आमच्या कादंबरीकारांनी या पत्रातून राजा उचलला. उंदीर आणि कुणबी तिथेच राहिले.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या घरापासून फार लांब नाही. डोंबिवलीहून काटई–बदलापूर रस्त्यानं निघालं की नेवाळी नाका लागतो. समोर मलंगगड, बाजूला भाताची खाचरं आणि टॉवरच्या जाहिराती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं इथल्या गावांची जमीन विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. सोळाशे एकरांहून अधिक. शेजारीच लष्कराचा कल्याण कॅम्प उभा राहिला. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. तरी आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असंच म्हणतात.

युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा नांगर धरून खाचरात उतरले. वर्षानुवर्षं राब भाजला, आवण लावली, भात झोडला. शेतकऱ्यांचं म्हणणं, जमीन लढाईपुरती घेतली होती, परत द्यायचं ठरलं होतं. संरक्षण खात्याचं म्हणणं, ती सरकारची आहे. २०१७ साली नौदलानं कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जूनला, ऐन पेरणीच्या दिवसांत, भडका उडाला. रस्ते अडवले गेले, गाड्या पेटल्या, पोलीस जखमी झाले, आंदोलकांना छर्रे लागले. दूरचित्रवाणीवर दिवसभर जळत्या गाड्या दिसल्या. ही लढाई १९४५ मध्ये संपलेल्या युद्धाची आहे, एवढं सांगायला मात्र फारसं कोणाला सुचलं नाही.

त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं होतं. यजमान होती आगरी युथ फोरम. नेवाळीपट्ट्यातला शेतकरीही मुख्यतः आगरीच. ग्रंथदिंडी आणि दगडफेक यांच्यात साडेचार महिन्यांचं आणि रिक्षानं जाण्याइतकं अंतर. यावर एक बरी कादंबरी यायला हवी होती.

कल्याण तालुक्यातच आणखी एक धागा आहे. गणपतीसाठी जिथे आपण चतुर्थीला रांग लावतो त्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन भरलं. युद्ध अजून चालूच होतं. तलासरी-डहाणू भागातले काही वारली तिथे आले. माह्या धांगडा त्यांतलाच. लढाईच्या दिवसांत गवताला आणि लाकडाला मागणी चढलेली, पण कापणाऱ्याच्या हातात कवड्या. वेठ चालूच, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी लग्नगडी होऊन नवरा-बायको दोघंही मालकाकडे राबत. टिटवाळ्याहून परतल्यावर मे महिन्यात झरीला परिषद झाली, वेठ नाकारली गेली, गवतकापणीच्या दरासाठी संप झाला, आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मेले. जपाननं शरणागती पत्करून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये (१९७०) लिहिलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. ते पुस्तक अनुभवकथन आहे, आणि कार्यकर्तीच्या नजरेतून आहे. वारल्याच्या झोपडीच्या आतून पाहणारी मोठी कादंबरी अजून आलेली नाही.

जर्मनांचा नमुना आपल्याला जसाच्या तसा चालणार नाही, हेही खरं. ठाण्याच्या मुलखानं चढाया काही कमी पाहिल्या नाहीत: मोगल, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. पण गेल्या शतकातल्या महायुद्धात इथे एकही शत्रू शिपाई आला नाही. लढाई आली ती तलाठ्याच्या दप्तरातून. नोटीस, मोजणी, फेरफार, सातबाऱ्यावरचं बदललेलं नाव. अशा शत्रूला हार्म वुल्फची कुऱ्हाड काय करणार? कागद बायको-पोरांना मारत नाही. नातवाला मात्र वयाच्या पन्नाशीत कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवतो. याला नाट्य नाही म्हणून लेखक फिरकत नसावेत. मला उलट वाटतं. ज्या आजोबानं १९४३ ला कागदावर अंगठा उठवला आणि ज्या नातवानं २०१७ ला दगड उचलला, त्या दोघांमध्ये घरात काय काय बोललं गेलं असेल? कोणी कोणाला दोष दिला असेल? शेजारच्या कॅम्पात आलेल्या निर्वासिताकडे, ज्याचं स्वतःचं गाव सरहद्दीपलीकडे राहिलं, हा शेतकरी कोणत्या नजरेनं बघत असेल? लोन्सचा शेतकरी परक्याला थेट मारतो. आमच्या शेतकऱ्याला त्याच परक्याला भाजी विकायची होती. कादंबरी इथे आहे.

आणि ती लिहिणाऱ्यानं भूमिपुत्राचा पुतळा करू नये. नेवाळीतही जमीन कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा नेहमी एकच नसतो, बायकांचं नाव तर बहुतेक वेळा कुठेच नसतं, आणि जमिनीचा भाव कोटींत गेल्यावर सख्खे भाऊ एकमेकांशी कसे वागतात हे या पट्ट्यात कोणाला सांगायला नको.

धावपट्टीसाठी घर-शेत सुटताना ज्यांनी पाहिलं ती पोरं आता नव्वदीच्या घरात आहेत, फार थोडी उरली असतील. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथला लिहिणारे पुष्कळ आहेत, कट्टे आहेत, वाचनालयं आहेत. त्यांतल्या दोघा-चौघांनी दिवाळी संपली की भात झोडणीच्या दिवसांत नेवाळी, भाल, आसपासच्या पाड्यांवर जावं, म्हाताऱ्यांशेजारी बसावं, त्यांच्या तोंडून येईल तसं आगरी बोलीतच उतरवून घ्यावं. कादंबरी नंतर लिहिता येईल.