पाखरू की धागा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्या रानात वाढणारी अळी स्वतःभोवती कोश विणते आणि त्या कोशाचा धागा इथल्या कोष्ट्यांच्या मागावर चढतो. या गावाला रेशमाच्या किड्याबद्दल सांगायला जाणं म्हणजे पंढरपूरकराला वारीचा रस्ता दाखवणं. आणि तरीही ख्रिस्ती अध्यात्मातला एक फार गाजलेला दृष्टान्त नेमका याच किड्याचा आहे.

स्पेनमधल्या आविला गावच्या तेरेसा या जोगिणीने १५७७ साली ‘द इंटिरियर कॅसल’ हा ग्रंथ लिहिला. माणसाचा आत्मा म्हणजे सात महालांचा एक गड, अशी त्यातली कल्पना. पाचव्या महालाशी आल्यावर ती रेशमाच्या अळीची गोष्ट सांगते. कुरूप, सरपटणारी अळी पाला खाते, आपल्याच तोंडाने आपलं घर बांधते, त्या घरात मरते आणि त्यातून पांढरं पाखरू बाहेर पडतं. जुना माणूस मरून ख्रिस्तात नवा माणूस जन्मतो, तो असा. हे सांगताना तेरेसा प्रांजळपणे कबूल करते की, आपण हे स्वतः पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे; चुकलं असेल तर दोष आपला नव्हे.

आंधळगावच्या विणकराने तो दृष्टान्त ऐकला असता, तर तो मान डोलावून थोडा थांबला असता. कारण त्याला पुढचं ठाऊक आहे. पाखरू बाहेर पडलं की कोश फुटका ठरतो आणि फुटक्या कोशातून सलग धागा निघत नाही. त्याचं जाडंभरडं सूत कातावं लागतं. लांब, अखंड धागा हवा असेल तर पाखराला उडू न देताच कोश वाफवावा लागतो, सोड्याच्या पाण्यात उकळावा लागतो. मग कुठे तो कठीण कवचासारखा कोश सुटा होतो. एका कोशाचा धागा इतका बारीक की, अनेक कोशांचे धागे एकत्र घेतल्याशिवाय मागावर घालण्याजोगं सूत होत नाही. ज्याला पाखरू हवं त्याला अखंड धागा मिळत नाही, आणि ज्याला तो हवा त्याने पाखराचा मोह सोडायचा.

ख्रिस्ती जीवनात हा पेच रोजचा आहे. मंडळीत उभं राहून साक्ष देण्याची प्रथा आहे. अमुक दिवशी, अमुक वेळी प्रभूने मला बदललं, दारू सुटली, भांडण मिटलं. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. त्या साक्षी खोट्या नसतात. पण साक्षीला स्वभावतःच पाखरू दिसतं, धागा दिसत नाही. बाप्तिस्म्याचा दिवस नोंदवहीत लिहिता येतो. त्यानंतरचे तीस वर्षांचे साधे दिवस कुणी लिहीत नाही. शीलाची परीक्षा मात्र त्या न लिहिलेल्या दिवसांतच होते.

या बाबतीत भाषाही शहाणपण शिकवते. इंग्रजीत ज्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात, तो मूळ ग्रीक शब्द ठशाचा, नाण्यावर उमटलेल्या छापेचा. आपला ‘चारित्र्य’ हा शब्द ‘चर्’ म्हणजे चालणे या धातूपासून आलेला. छाप एकदाच पडते. चालणं पावलापावलाने होतं. ख्रिस्ती माणसाला दोन्ही मानावे लागतात: देवाने उमटवलेली छाप आणि आपल्या पायांनी चालायची वाट. अडचण होते ती छाप पडली म्हणून वाट संपली असं समजल्यावर.

आंधळगावच्या तालुक्यातूनच एक रेल्वेमार्ग जातो. नागपूर, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, राजनांदगाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नारायण वामन टिळक नावाचा चित्पावन कवी नागपूरहून राजनांदगावला याच मार्गाने निघाला होता. डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला. गप्पा झाल्या, उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

साक्षीच्या हिशेबाने गोष्ट इथे संपली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हिशेबाने ती इथे सुरू झाली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षं माहेरच्या माणसांत, वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही चूल वेगळी, सोवळं वेगळं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की, बाप्तिस्म्याने टिळकांचा तापटपणा धुऊन गेला नव्हता, लहरीपणाही नाही, आणि पैसा हाती टिकू न देण्याची सवय तर मुळीच नाही. बायकोने नवऱ्याबद्दल इतकं मोकळं, इतकं मायेने आणि इतकं हसत लिहिलेलं मराठीत दुसरं क्वचित सापडेल. पण त्याच पुस्तकात हळूहळू दुसरंही दिसू लागतं. रागानंतरचा पश्चात्ताप लवकर येऊ लागतो, अनाथ पोरं घरात येतात, माणसाचा पाट रुंदावत जातो.

आणि लक्ष्मीबाईंचं स्वतःचं काय झालं? बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणाऱ्या सोवळ्या बापाची ही मुलगी. तिच्याशी कुणी वाद घालून जिंकलं नाही. एका रात्री तिने आपल्याशीच विचार केला, जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे तिच्या बाबतीत फळ आधी दिसलं आणि छाप मागाहून पडली.

कोशाची अळी वाढताना चार वेळा कात टाकते. दर वेळी ती आधी खाणं थांबवते, निश्चल पडून राहते. नवख्याला वाटेल, आजारी पडली. प्रार्थना कोरडी वाटते, मंदिरात मन लागत नाही, आपण मागे पडतोय असं वाटतं, असे दिवस भक्ताच्याही वाट्याला येतात. त्यातले काही कातीचे असतात. सगळेच असतात असं म्हणणं मात्र आळसाला आशीर्वाद देणं होईल.

मग वाढ देवाच्या कृपेने होते की माणसाच्या कष्टाने? हा वाद ख्रिस्ती जगात फार जुना. मला त्याचं उत्तर विदर्भातल्या करवतकाठी साडीत दिसतं. अंग कोशाचं, काठ सुताचे. दोन वेगळ्या जातीचे धागे जिथे भेटतात, तिथे विणकर तीन धोटे चालवून ते हाताने एकमेकांत अडकवतो, आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी येते. कोशाचा धागा कुठे संपला आणि सूत कुठे सुरू झालं, हे डोळ्यांना दिसतं. पण ओढून वेगळं करू म्हणाल तर साडी फाटेल. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातही असाच एक बारकावा आहे. देहाची कर्मं तो अनेकवचनात सांगतो, पण आत्म्याची नऊ लक्षणं मोजताना ‘फळ’ हा शब्द एकवचनी ठेवतो. प्रेम आहे पण संयम नाही, शांती आहे पण सौम्यता नाही, असं सुटं सुटं मोजता येत नाही. फळ येतं ते एकच, आणि ते झाडाला स्वतःला खायचं नसतं.

कुणी म्हणेल, मग धर्म उरला कुठे, ही तर नुसती सज्जनपणाची शिकवण झाली. पण सज्जनपणा स्वतःचा हिशेब ठेवू शकतो. कोश तसा ठेवू शकत नाही. धाग्यासाठी कोशातल्या जिवाला उडण्याचं श्रेय सोडावं लागतं. ख्रिस्ताचा वधस्तंभ शिकवतो तोही हाच अवघड धडा. तेरेसालाही हे उमगलं होतं. पाखराच्या दृष्टान्तानंतर लगेच ती आपल्या मठातल्या बहिणींना बजावते की, ध्यानात कितीही गोडी लागली असो, आजारी बहिणीला तुमची गरज दिसली तर ध्यान सोडून उठा. न पाहिलेल्या किड्यावरून सुरुवात करून ती शेवटी धाग्यापाशीच आली.

म्हणून एखाद्याची आध्यात्मिक वाढ किती झाली, हे त्याला विचारू नये, त्याच्या घरच्यांना विचारावं. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा असलेला ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि १९१९ मध्ये ते गेले. ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलं होतं. शाळेत न गेलेल्या, कधीकाळी वेगळी चूल मांडणाऱ्या बाईने ते हाती घेतलं आणि अध्यायामागून अध्याय लिहीत पुढे नेलं. मागावर अर्धवट राहिलेलं कापड घरातलंच कुणीतरी बसून पुढे विणतं, तसं.