तळ कुठे, आकडा कुठे!

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपण इंदूरकर, समुद्र आपल्यापासून लांब. पण ओंकारेश्वरला नर्मदामाईच्या नावेत आपण सगळेच बसलोय. काठाजवळ नावाडी बांबू टेकवून पाण्याचा अंदाज घेतो. समुद्रात बोटीखालचं यंत्र आवाज सोडतं, तो तळाला लागून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. एका सेकंदात परत आला, तर खोली ७५० मीटर. हिशोब सरळ!

तरी आकडा चुकतो. यंत्राच्या तोंडावर शेवाळ, शिंपले चढतात. बोट जोरात पळाली की बुडबुड्यांत आवाज हरवतो. उथळ पाण्यात यंत्राचा कान फार तीक्ष्ण ठेवला, तर तोच आवाज तळ आणि बोट यांच्यात दोनदा फिरतो आणि खोली दुप्पट दिसते. बोट खडकाकडे चाललेली, आणि यंत्र म्हणतं, भरपूर पाणी आहे!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांना खोल समुद्रात मध्येच एक ‘तळ’ दिसू लागला. तो रात्री वर यायचा, दिवसा खाली जायचा. तळ कधी हलतो का? तो होता लहान लहान जीवांचा तरंगता थर.

आपलं मनही असंच मोजत असतं. एखादी गुरुभगिनी तीन महिने गुरुवारच्या उपासनेला आली नाही, की आपण आकडा सांगून मोकळे, “श्रद्धा आटली तिची.” घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या असतील, हे कोणी विचारलं? पूर्वग्रहाचं शेवाळ आपल्याच मनावर. घाईचे बुडबुडे आपलेच. आणि वरवरचा थर पाहून आपण त्यालाच तळ म्हणतो. अशाने माणूस कायमचं तुटतं.

मग उपाय? जाणता तांडेल समुद्राला दोष देत नाही. तो वेग कमी करतो, यंत्राचं तोंड घासतो, आणि तरी शंका राहिली तर दोरीला शिसं बांधून तळाला लावून बघतो. आपल्यासाठी वेग कमी करणं म्हणजे मौन, घासणं म्हणजे रोजचं नाम, आणि शिशाची दोरी म्हणजे स्वतः त्या घरी जाऊन शेजारी बसणं. फोनवरच्या ‘कशी आहेस’ने तळ लागत नाही.

या गुरुवारच्या आत प्रत्येकाने असं एक घर गाठू या. प्रसाद बरोबर नेऊ, आणि बोलण्याआधी ऐकू.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥