प्रश्न कोणीं विचारावा?

ज्ञानाला देश नसतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. भूमितीच्या सिद्धान्तापुरतें तें खरेंही आहे. परंतु मनुष्यसमाजाविषयींच्या शास्त्रांत हें वचन जसेंच्या तसें लागू पडतें काय? आफ्रिकेंतील विद्यापीठांत स्वातंत्र्यानंतर सुरू झालेला आणि अद्यापि न मिटलेला वाद या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे.

प्रथम एक लहानसें उदाहरण घेऊं. नायजेरियांतील योरुबा भाषेंत ‘एग्बोन’ म्हणजे वडील भावंड आणि ‘आबुरो’ म्हणजे धाकटें भावंड. तें भावंड मुलगा कीं मुलगी, हें या शब्दांवरून कळत नाहीं. ओयेरोंके ओयेवुमी या विदुषीनें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत असा आक्षेप घेतला कीं, जी भाषा वय आधीं पाहते, तिच्या समाजाची रचना स्त्रीपुरुषभेदावरच उभी होती, असें पाश्चात्त्य कल्पनांच्या आधारानें गृहीत धरतां येणार नाहीं. तिचा निष्कर्ष सर्वांनाच मान्य आहे असें नाहीं. पण प्रश्नावली जोंवर परदेशाहून तयार होऊन येत होती, तोंवर ही शंका कोणाच्या मनांत येणेंच कठीण होतें.

बेनिन देशाचे तत्त्वज्ञ पोलँ हुंतोंजी यांनीं या स्थितीची तुलना वसाहतींच्या व्यापाराशीं केली आहे. कच्चा माल आफ्रिकेनें पुरवावा आणि पक्का माल बाहेरून यावा. त्याचप्रमाणें माहिती आफ्रिकेंत गोळा व्हावी, सिद्धान्त मात्र युरोपांत घडावे. अभ्यासक आपल्याच गांवाविषयीं लिहितो, परंतु त्याच्या डोळ्यांपुढें वाचक असतो तो परदेशचा.

यावर सुज्ञ वाचक विचारील कीं, मग प्रत्येक देशानें आपापलें सत्य निराळें मानावें काय? मुळींच नाहीं. आफ्रिकी माणसें सर्व एकाच तऱ्हेनें विचार करतात, या समजुतीवर खुद्द हुंतोंजी यांनींच १९७६ च्या आपल्या ग्रंथांत कडक टीका केली. इतिहासकार केनेथ डिके यांनीं नायजर नदीच्या मुखप्रदेशाचा इतिहास १९५६ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां ब्रिटिश दप्तरांच्या जोडीला तेथील लोकांच्या तोंडीं चालत आलेल्या आठवणीही घेतल्या. सत्याची कसोटी त्यांनीं बदलली नाहीं. साक्षीदार मात्र वाढविले. नैरोबीच्या विद्यापीठांत १९६८ सालीं गुगी वा थिओंगो प्रभृति तिघां अध्यापकांनीं इंग्रजी विभागाच्या जागीं आफ्रिकी साहित्य व भाषांचा विभाग असावा, अशी मागणी केली. इतर साहित्यें वर्ज्य करावीं असें त्यांचें म्हणणें नव्हतें. केंद्रस्थानीं काय असावें, एवढाच वाद होता.

म्हणजे येथें मूळ प्रश्न अभिमानाचा नसून न्यायाचा आहे. एखाद्या लोकसमूहाला सदैव साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करावयाचें आणि न्यायासनाजवळ कधींही फिरकूं द्यावयाचें नाहीं, ही रीत शास्त्राला शोभणारी नाहीं. पण हाच न्याय त्या विद्यापीठांतील पंडितांनाही लागू आहे. ज्या शेतकऱ्याला वा बाजारांत बसणाऱ्या बाईला ते प्रश्न विचारतात, तिलाही उलट विचारण्यासारखें कांहीं असूं शकेल, हें त्यांनीं मनोमन मान्य केलें, तरच त्यांची लढाई खरी म्हणावयाची. नाहींतर न्यायासन तेंच राहील. त्यावर बसणारे तेवढे बदलतील.